फावल्या वेळाचा अभ्यास

मनकर्णा बोरुडेने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं ते एकाहत्तर साली. विषय होता ‘कर्जत तालुक्यातील एका खेड्यातील शेतकरी कुटुंबांचा फावला वेळ : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. तो तिच्या मार्गदर्शकांनी, पुण्याच्या गुर्जर सरांनी, सुचवला होता. सरांचं मत असं होतं, की कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातले चार महिने काही काम नसतं, आणि त्या चार महिन्यांत तो काय करतो हे आजवर त्याला कोणी विचारलेलं नाही. मनकर्णाने प्रश्नावली तयार केली. तीत सदतीस प्रश्न होते. फावल्या वेळाचे भजन, तमाशा, रेडिओ, पत्ते, गप्पा, वाचन आणि ‘इतर’ असे सात प्रकार पाडले होते. भिंगारच्या एका छापखान्यातून तिने दोनशे प्रती छापून घेतल्या. प्रती हातात पडल्या त्या वर्षी पाऊस पडला नाही.

बहात्तरच्या दिवाळीनंतर तिने सरांना पत्र लिहून विचारलं, की अशा दिवसांत हा विषय कितपत चालेल. सरांनी उलटटपाली कळवलं, की विषय बदलायचा तर अर्ज करावा लागेल, अर्ज समितीपुढे जाईल, आणि समिती वर्षातून दोनदा बसते. ती नुकतीच बसून उठली होती.

तेव्हा मनकर्णाने कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. नगरच्या एका कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवत असे. वय सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. वडील छगनराव भिंगारला लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. त्यांनी तिची ट्रंक स्वतः भरून दिली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मिरजगावमार्गे एस.टी.ने वाघजाळीला उतरली.

गावचे सरपंच आसाराम यांनी तिच्याजवळचं सरांचं पत्र दोनदा वाचलं. त्यावर विद्यापीठाचा गोल शिक्का होता आणि ‘संबंधितांनी सहकार्य करावे’ असं लिहिलेलं होतं. सहकार्य म्हणून त्यांनी तिची राहायची सोय रंगुबाईकडे केली. रंगुबाई साठीच्या होत्या. मुलगा आणि सून राहात्याकडे ऊसतोडीला गेल्यामुळे त्यांच्या घरात एक खोली रिकामी होती. विषय ऐकल्यावर सरपंच म्हणाले, की चांगला विषय आहे, पण माणसं घरी भेटायची नाहीत.

माणसं घरी नव्हतीच. गावापासून दोन मैलांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं आणि उठता येणारं प्रत्येक माणूस तिथे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा तिथे पोचली. पुरुष टिकावाने मुरूम खणत होते, बाया घमेल्यातून तो भरावावर नेऊन टाकत होत्या, आणि एका अंगाला बायांचीच दुसरी टोळी खडी फोडत बसली होती. मनकर्णाने खडी फोडणारी पहिली बाई गाठली, वही उघडली आणि विचारलं, की आपण फावल्या वेळात काय करता.

बाईने हातोडी खाली न ठेवता सांगितलं, की फावला वेळ नाही. शेजारणीने तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत तिने अकरा जणांना विचारलं, आणि पाच दिवसांत साठ जणांना. साठही प्रश्नावल्यांवर एकच उत्तर होतं. एका म्हाताऱ्याने तेवढी भर घातली, की त्याच्याकडे फावडं आहे, फावला नाही.

कारण तिला सहाव्या दिवशी रंगुबाईंकडून कळलं. कामावर अशी बातमी होती, की सरकारने एक बाई पाठवली आहे, ती कोणाला किती वेळ रिकामा सापडतो ते लिहून घेते, आणि ज्याला सापडेल त्याचं नाव हजेरीपत्रकातून कमी होणार आहे. मनकर्णाने आपण सरकारच्या नाही, विद्यापीठाच्या आहोत असं समजावून सांगितलं. रंगुबाईंनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, की विद्यापीठ कोणाचं आहे.

तिने साठ प्रश्नावल्यांचा गोषवारा पुण्याला पाठवला. सरांनी कळवलं, की साठपैकी साठ उत्तरदात्यांनी एकच उत्तर देणं हे समाजशास्त्रात घडत नाही, तरी प्रश्न पुन्हा विचारावा. तिने पुन्हा विचारला. उत्तर तेच आलं, फक्त या खेपेला काही जणांना राग आला.

मग तिने प्रश्नावली ट्रंकेत ठेवली. ती रोज भाकरी बांधून घेऊन कामावर जाऊ लागली. बारा वाजता मुकादम शिट्टी वाजवी, एक वाजता पुन्हा वाजवी, आणि मधला तास बाया एका बाभळीच्या विरळ सावलीत बसत. मनकर्णा त्यांच्यात बसून भाकरी खाई आणि काही विचारत नसे. असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत तिला चौतीस प्रश्न विचारण्यात आले. त्यातले बरेचसे तिच्या लग्नाबद्दल होते.

नवव्या दिवशी लंकाबाई बोलली. पस्तिशीची, उंच, घमेलं डोक्यावर असताना मान जराही न हलवणारी बाई. घरी सासू, सासरे, नवरा, एक अपंग दीर आणि चार मुलं असा बारदाना होता. आतापर्यंत ती मनकर्णाशी एक शब्दही बोलली नव्हती. त्या दिवशी भाकरी खाऊन झाल्यावर ती मुरमाच्या ढिगाला टेकली आणि तिने पाय पुढे पसरले.

“तुमी इचारत हुता ना बाई,” ती म्हणाली, “तर ह्यो माजा फावला येळ. ह्यो एक तास.”

मनकर्णाने विचारलं, की या तासात त्या काय करतात.

“काय बी करत न्हाई. पाय लांब करून बसते. घरी पाय लांब करून बसले तर सासू म्हनंल, हिला दुखतंय का काय. इथं कोन म्हनत न्हाई. मुकादमानंच शिट्टी मारलेली असती.” ती थोडा वेळ आपल्या पायांकडे बघत राहिली. “लगीन होऊन वीस वर्सं झाली. दुष्काळ पडला म्हनून हे बगायला मिळालं.”

हे ऐकून बाकीच्या बायाही बोलू लागल्या. केशरबाई म्हणाली, की ती या तासात माहेरच्या विहिरीची आठवण काढते. तशी आठवण घरीही येते, पण तिथे ती अर्ध्यात तुटते. छबूबाई झोपते. एक जण नुसती दुसऱ्या बायांचं ऐकते, कारण तिच्या घरात कोणी बोलत नाही. मनकर्णा त्या दिवशी घरी आली आणि तिने अकरा पानं लिहून काढली. बाईला सुटीचा तास पहिल्यांदा मिळतो तो घरात नाही, तर घरातलं सगळं सुकल्यावर सरकारी कामावर मिळतो. तिला वाटलं, आपल्या प्रबंधाला विषय मिळाला. पुढच्या तीन आठवड्यांत तिने नव्वद बायांच्या मुलाखती नीट पूर्ण केल्या. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं ‘इतर’मध्ये गेली.

कामावरचे ओव्हरसियर कुलथे हे सभ्य गृहस्थ होते. तेही दुपारी छत्रीखाली बसून डबा खात. काम ठरल्याइतकं होत नाही, याचा खुलासा त्यांच्याकडे वरून मागवला होता. जानेवारीच्या अखेरीस ते मनकर्णाकडे आले आणि तिच्या अभ्यासातून काय निघालं याची एखादी प्रत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. तिच्या अभ्यासाबद्दल आपणहून विचारणारा तो पहिलाच माणूस होता. तिने त्याच संध्याकाळी दोन पानांचा गोषवारा सुवाच्य अक्षरात लिहून दिला. त्यात एक वाक्य असं होतं : ‘दुपारच्या सुटीपैकी जेवण वगळता महिला मजुरांना सरासरी चाळीस मिनिटे फावला वेळ उपलब्ध असतो.’

सोमवारपासून दुपारची सुटी वीस मिनिटांची झाली. कुलथ्यांनी हिशेब चुकवला नव्हता. साठातून चाळीस गेले, वीस उरले.

त्या दुपारी मनकर्णा बाभळीखाली गेली तेव्हा बायांनी भाकरी खाल्ली, पाणी प्यायल्या आणि शिट्टी झाल्यावर उठल्या. कोणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती बसायला जागा बरीच मोकळी होती. रंगुबाई घरी भाकरी वाढत, ताटाकडे बघत, आणि चुलीकडे वळत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लंकाबाई रंगुबाईंच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

“म्या तुमाला सांगितलं ते तुमाला सांगितलं,” ती म्हणाली. “कागदाला न्हाई.”

लंकाबाई उत्तरासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा कुलथ्यांकडे गेली. गोषवारा चुकला आहे, तो परत द्यावा, असं तिने सांगितलं. कुलथ्यांना मनापासून वाईट वाटलं. पण गोषवारा त्यांनी खुलाशासोबत वर पाठवला होता, आणि वर पाठवलेली गोष्ट खाली बसलेल्या माणसाला परत घेता येत नाही, असं ते म्हणाले. वर म्हणजे तालुक्याच्या गावी, उपअभियंत्यांकडे.

मनकर्णा कर्जतला गेली. पहिला दिवस तिने साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर काढला आणि दुसरा त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, कारण पहिल्या टोकाला ऊन येत होतं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला साहेबांनी तिला आत बोलावलं. तिने सांगितलं, की बाया पहाटे उठून, पाणी आणून, स्वयंपाक करून, दोन मैल चालून कामावर येतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच उलट्या क्रमाने करतात. त्यांना मधे बसायला एक तास हवा. साहेबांनी शांतपणे ऐकलं. जेवायला वीस मिनिटं पुरतात, असं ते म्हणाले. त्यांना स्वतःला पंधरा पुरत.

उठायचं म्हणून मनकर्णाने पिशवी उचलली. पिशवीत सरांचं पत्र होतं. ते तिने का बाहेर काढलं हे तिला पुढेही सांगता आलं नाही.

“साहेब, तो तास कमी झाल्याने विद्यापीठाचं संशोधन बंद पडलं आहे,” ती म्हणाली.

साहेबांनी पत्र घेतलं. शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. मग त्यांनी तिला पुन्हा बसायला सांगितलं आणि हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. संशोधनात सुटीचा तासच मोजायचा असल्यामुळे तो पुरा असणं आवश्यक आहे, हे तिने समजावलं. ते त्यांना लगेच पटलं.

“किती दिवस चालणार हे तुमचं?”

“सांगता येत नाही. नमुना मोठा आहे.”

साहेबांनी कारकुनाला बोलावून आदेश लिहून घ्यायला सांगितला. ‘संशोधनकार्य पूर्ण होईपर्यंत दुपारची सुटी पूर्वीप्रमाणे एक तास ठेवण्यात यावी.’ मनकर्णाने आदेशाची नक्कल घेतली आणि शेवटच्या गाडीने वाघजाळीला परतली. शनिवारी बारा वाजता शिट्टी झाली आणि पुढची एक वाजता झाली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. छबूबाई लगेच झोपली.

कुलथ्यांनी आदेश अक्षरशः पाळला. संशोधन चालू आहे की नाही हे पाहणं आता त्यांच्याकडे आलं होतं. बारा वाजता ते बाभळीकडे नजर टाकत. मनकर्णा वही घेऊन बसलेली दिसली की आपला डबा उघडत. मार्चमध्ये एकदा तिला ताप आला आणि ती दोन दिवस रंगुबाईंच्या घरी पडून राहिली. त्या दोन्ही दिवशी सुटी वीस मिनिटांची झाली. तिसऱ्या दिवशी लंकाबाई आणि केशरबाईंनी तिला दोन्ही बाजूंनी धरून कामावर आणलं, बाभळीला टेकवून बसवलं आणि तिच्या हातात वही दिली.

मार्चच्या मध्यावर दोनशे प्रश्नावल्या संपल्या. अभ्यासाच्या दृष्टीने काम झालं होतं. मनकर्णाने हे लंकाबाईला सांगितलं. लंकाबाईने थोडा विचार केला.

“मंग परत पयल्यापासून इचारा,” ती म्हणाली. “आमाला काय, आमी सांगू.”

मनकर्णाने कोऱ्या कागदांवर रेघा मारल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बाया आता उत्तरं मन लावून देत. रोज तेच सांगणं बरं दिसत नाही, म्हणून त्या नवीन काही शोधून आणत. केशरबाईने माहेरची विहीर सोडून माहेरचा भाऊ घेतला, मग भावाची बैलजोडी. छबूबाईने आपण पुस्तक वाचतो असं लिहायला सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. मनकर्णाने तसं म्हटल्यावर छबूबाई म्हणाली, की फावल्या वेळात काय करता असं विचारलं होतं, येतं का असं विचारलेलं नाही. मनकर्णाने ‘वाचन’पुढे खूण केली.

एप्रिलमध्ये छगनरावांचं पत्र आलं. राहात्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा बी.एस्सी., बागायती जमीन, घरची मंडळी समजूतदार. पाहुणे रविवारी बघायला येणार होते. रविवारी कामाला सुटी असे, पण शनिवारी निघाल्याशिवाय रविवारी सकाळी भिंगारला पोचता येत नव्हतं आणि सोमवारी दुपारच्या आत परत येणं शक्य नव्हतं. मनकर्णाने दोन रात्री विचार केला. तिला तो मुलगा बघावासा वाटत होता, हे तिने रंगुबाईंना सांगितलंही. मग तिने वडिलांना लिहिलं, की क्षेत्रकार्य नाजूक टप्प्यावर आहे. पाहुणे ठरल्याप्रमाणे आले, मुलीचा फोटो पाहिला, पोहे खाल्ले आणि राहात्याला परत गेले. छगनरावांनी पुढच्या पत्रात एवढंच कळवलं, की फोटो त्यांना आवडला होता.

ही गोष्ट रंगुबाईंनी कामावर सांगितली असावी. कारण त्यानंतर एका दुपारी मनकर्णा बसायच्या जागेवर गेली तेव्हा तिथे कोणीतरी मोठे दगड काढून, मऊ मुरूम पसरून, वर गोणपाट अंथरून ठेवलेलं होतं. ते कोणी केलं हे तिने विचारलं. कोणालाही माहीत नव्हतं. तिने गोणपाटावर बसून पाय लांब केले. त्या दिवशी तिने वही उघडली, पण काही लिहिलं नाही. कुलथ्यांना लांबून एवढा फरक दिसत नव्हता.

मेमध्ये सरांनी खरमरीत लिहिलं. दोनशेचा नमुना मार्चमध्येच पुरा झाल्याचं तिच्याच अहवालात आहे. मग मुक्काम कशासाठी? एकाच व्यक्तीला चार-चार वेळा विचारण्याची पद्धत त्यांच्या वाचनात नव्हती. मनकर्णाने कळवलं, की उत्तरांमध्ये बदल होत आहे आणि बदल नोंदवणं तिला आवश्यक वाटतं. यात खोटं काहीच नव्हतं.

जुलैत पाऊस पडला आणि काम बंद झालं. माणसं टिकाव-फावडी जमा करून आपापल्या शेतांकडे गेली. कुलथ्यांची बदली झाली. जाताना त्यांनी मनकर्णाला संशोधनाबद्दल शुभेच्छा दिल्या आणि ते पुरं झालं की आदेशाच्या फाइलला लावायला एक ओळ लिहून पाठवायला सांगितलं. तिने ती लिहून दिली. भिंगारला परतल्यावर तिने कागद मोजले. एकूण चारशे एकतीस भरले होते. प्रबंधात तिने पहिले दोनशे वापरले. बाकीचे तिने वेगळे बांधून ठेवले, आणि प्रबंधाच्या एका तळटीपेत ते अस्तित्वात असल्याचं नमूद केलं. पदवी तिला चौऱ्याहत्तरच्या अखेरीस मिळाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या तळटीपेवरच बोट ठेवलं आणि ही सामग्री का वापरली नाही असं विचारलं. संशोधक स्वतः त्या सामग्रीत मिसळली होती, असं उत्तर तिने दिलं. परीक्षकांनी ते योग्य मानलं.

त्याआधी, त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात, ती एकदा वाघजाळीला जाऊन आली. सरांना पाऊसकाळातल्या निरीक्षणाचं एक प्रकरण हवं होतं. लंकाबाई घरी नव्हती. सासूने शेताकडे हात केला. बाजरी मांडीइतकी आली होती आणि लंकाबाई खुरपत होती. मनकर्णाला पाहून ती हसली, बांधावर बस म्हणाली आणि ओळ तशीच पुढे नेत राहिली. दुपार झाली, दुपार टळली. मधे एकदा ती उठून पाणी प्यायली, तेही उभ्यानेच. मनकर्णा बांधावरून तिला पाहत होती. वही तिने पिशवीतून काढली नव्हती.

शेवटी लंकाबाईनेच विचारलं, “काय इचारायचं न्हाई का आज?”

“नाही,” मनकर्णा म्हणाली.

लंकाबाईने मान डोलावली. मग कमरेला खोचलेलं दुसरं खुरपं काढून बांधावर टाकलं आणि आपल्या शेजारची ओळ दाखवली. मनकर्णाने पदर खोचला आणि ती शेतात उतरली. सूर्य कलेपर्यंत तिच्या दोन ओळी झाल्या. त्यातली एक लंकाबाईने परत खुरपली.